नगरसेवकाचे लागेबांधे आणि लोकांची नोंदवही

इंग्लंडमधल्या कुठल्याही कौन्सिलच्या सभेची विषयपत्रिका उघडा. लंडनमधले वेस्टमिन्स्टर असो की एखाद्या खेड्याची पॅरिश कौन्सिल, सुरुवातीच्या दोन-तीन विषयांत एक ओळ ठरलेली असते: हितसंबंधांची घोषणा. गैरहजर सदस्यांची पत्रे वाचून झाली की अध्यक्ष विचारतात, आजच्या विषयांपैकी कशात कुणाचा काही संबंध आहे का? एखादा सदस्य सांगतो, सहाव्या विषयातल्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर मी आहे. एखादी सदस्या सांगते, नवव्या विषयातल्या जागेला लागून माझ्या नवऱ्याची जमीन आहे, तो विषय निघाला की मी बाहेर जाईन. कारकून टिपून घेतो आणि सभा पुढे सरकते.

बहुतेक वेळा हे मिनिटभरात उरकते. पण या मिनिटापर्यंत पोहोचायला त्या देशाला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. त्या प्रवासाचा पहिला टप्पा आपल्याही कायद्यात आहे, मुंबई महापालिकेपासून गावच्या ग्रामपंचायतीपर्यंत. त्यांनी पुढे गाठलेले सगळे टप्पे मात्र आपण गाठलेले नाहीत. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

आधी एक साधी गोष्ट. इंग्लंडमधल्या नगरसेवकाला पगार नसतो, भत्ता असतो, आणि तोही बहुतेक ठिकाणी त्यावर घर चालेल इतका नसतो. त्यामुळे तो शेती करतो, दुकान चालवतो, वकिली करतो, कुठेतरी नोकरी करतो. शिवाय तो निवडून येतो तोच मुळी त्या गावचा, त्या वस्तीचा म्हणून. अशा माणसाचे गावात काही हितसंबंध नसतील ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि त्याच माणसाच्या हातात बांधकाम परवानगी असते, दारूच्या दुकानाचा परवाना असतो, कौन्सिलच्या घरांचे भाडे आणि कंत्राटे असतात. शहराच्या कडेच्या शेतजमिनीवर घरे बांधायला परवानगी मिळाली की तिची किंमत एका ठरावाने कितीतरी पटीने वाढते. असा ठराव करणाऱ्या हातांपैकी एक हात त्या जमिनीच्या मालकाचा, भागीदाराचा किंवा परवा रात्री त्याच्याकडे जेवून आलेल्या माणसाचा आहे का, हे लोकांना कळायला नको का?

पहिले उत्तर होते बंदी. १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्टने इंग्लंडमधल्या जुन्या, मूठभरांच्या ताब्यातल्या नगर संस्था मोडून निवडून आलेल्या कौन्सिली आणल्या. त्याच कायद्याने ठरवले की ज्याचा कौन्सिलच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत काही हिस्सा वा हितसंबंध असेल, त्याला सदस्य होता येणार नाही. ऐकायला हे चोख वाटते. प्रत्यक्षात अपवाद काढावे लागले. गावातल्या वर्तमानपत्रात कौन्सिल जाहिरात देते, मग त्याच्या मालकाने सदस्य व्हायचे की नाही? पाणी किंवा गॅस पुरवणाऱ्या कंपनीचे चार शेअर असणाऱ्याचे काय? १८८२ च्या कायद्यात असे अपवाद लिहून ठेवलेले दिसतात. आणि बंदीची खरी उणीव याहून मोठी होती. कंत्राट घेणारा तिच्यात अडकत होता. ज्याच्या जमिनीवरून नवा रस्ता जाणार आहे, त्याचे कौन्सिलशी कंत्राटच नसते. तो मोकळा राहत होता.

१९३३ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने ही दिशा बदलली. कंत्राटात हिस्सा आहे एवढ्यावरून सदस्यत्व जाणार नाही, पण विषय सभेत आला की आपला आर्थिक संबंध सांगायचा, चर्चेत बोलायचे नाही आणि मत द्यायचे नाही. मोडले तर दंड. न्यायालयांनी हा नियम किती कडक लावला, ते दोन खटल्यांवरून कळते. १९५६ च्या एका खटल्यात सदस्य स्वतः कौन्सिलच्या घरांत भाड्याने राहत होते आणि त्या घरांच्या आकारणीसंबंधीच्या ठरावावर त्यांनी मत दिले. न्यायालय म्हणाले, यात तुमचा पैशाचा संबंध आहे. दोन वर्षांनी दुसरे प्रकरण आले, ते मला अधिक बोलके वाटते. एका बांधकाम कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक नगरसेवक होता. आपली कंपनी कौन्सिलची टेंडरे भरणार नाही, असे त्याने आधीच ठरवले होते. मग कौन्सिलने घरे बाहेरच्या ठेकेदारांकडून बांधून घ्यावीत की स्वतःच्या कामगारांकडून, या विषयावर तो बोलला. तरीही तो दोषी ठरला. आज टेंडर भरत नाही म्हणून उद्या भरणार नाही असे थोडेच आहे? त्याच्या धंद्याला त्या निर्णयातून फायदा होण्याची वाट खुली होती, आणि न्यायालयाला तेवढे पुरले.

इतका कडक नियम असूनही त्यात एक मोठे भगदाड होते. सदस्यांनी दिलेल्या माहितीची एक वही कौन्सिलचा चिटणीस ठेवत असे. ती पाहण्याचा हक्क कायद्याने दिला होता तो कौन्सिलच्या सदस्यांना. १९७२ च्या नव्या कायद्यातही हे तसेच राहिले. म्हणजे सदस्याने सदस्यांना सांगायचे आणि सदस्यांनीच ते पाहायचे. ज्यांच्या पैशावर आणि ज्यांच्या नावाने हा कारभार चालतो, त्यांना त्या वहीत डोकावण्याचा कायदेशीर हक्क नव्हता.

नेमके याच काळात जॉन पोल्सनचे प्रकरण फुटले. यॉर्कशायरमधल्या पाँटिफ्रॅक्ट गावचा हा वास्तुविशारद. युद्धानंतर इंग्लंडमध्ये जुन्या वस्त्या पाडून नवी घरे, दवाखाने, तरणतलाव, नगर केंद्रे उभारण्याची लाट होती, आणि कामे देण्याचा अधिकार ठिकठिकाणच्या कौन्सिलींकडे होता. पोल्सनने कामे मिळवायला माणसे जोडली. न्यूकॅसल कौन्सिलचे एके काळचे नेते टी. डॅन स्मिथ हे त्यांतले सर्वांत बडे नाव. स्मिथ जनसंपर्काच्या कंपन्या चालवत. त्या कंपन्या वेगवेगळ्या गावच्या नगरसेवकांना सल्लागार म्हणून पैसे देत, आणि ते नगरसेवक आपापल्या कौन्सिलीत पोल्सनचे नाव पुढे करत. कुणाला सुट्टीची सहल, कुणाला भेटी, कुणाला मानधन.

हे उघडकीला आणले ते पोलिसांनी नव्हे आणि हितसंबंधांच्या त्या वहीनेही नव्हे. पोल्सनचे दिवाळे निघाले. १९७२ मध्ये वेकफिल्डला दिवाळखोरीची सुनावणी सुरू झाली, आणि देणेकऱ्यांचे पैसे गेले कुठे हे शोधताना त्याने जपून ठेवलेली पत्रे आणि हिशेब बाहेर आले. गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांचाही पूर्वी पोल्सनच्या कंपन्यांशी संबंध होता. त्यांनी त्याच वर्षीच्या जुलैत राजीनामा दिला. १९७४ मध्ये पोल्सन तुरुंगात गेला, स्मिथ यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. लाच देणाऱ्याची दप्तरे नीटनेटकी निघाली आणि लोकशाहीची वही कोरी, ही गोष्ट त्या देशाच्या मनाला फार लागली असावी. त्याच वर्षी खासदारांसाठी हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याचा निर्णय झाला, आणि स्थानिक कारभारातल्या वर्तनावर रेडक्लिफ-मॉड समितीचा अहवाल आला. त्यातून नगरसेवकांसाठी राष्ट्रीय आचारसंहिता निघाली. पण नगरसेवकांची नोंदवही सक्तीची आणि लोकांना पाहता येईल अशी व्हायला १९८९ चा कायदा आणि त्याखालचे १९९२ चे नियम उजाडावे लागले. पोल्सन तुरुंगात जाऊन तेव्हा १८ वर्षे झाली होती.

पुढे १९९४ मध्ये खासदारांनी पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचे प्रकरण गाजले. लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि १९९५ मध्ये तिने सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे मांडली: निःस्वार्थीपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. आज इंग्लंडमधल्या प्रत्येक कौन्सिलची आचारसंहिता या सात तत्त्वांशी सुसंगत असलीच पाहिजे, असे कायदाच सांगतो.

सध्याचा कायदा २०११ चा, लोकलिझम ॲक्ट. त्याची पद्धत अशी. निवडून आल्यापासून २८ दिवसांत नगरसेवकाने एक फॉर्म भरून मॉनिटरिंग ऑफिसरकडे द्यायचा. हा कौन्सिलचा अधिकारी. कौन्सिलचे काम कायद्याच्या चौकटीत चालते ना हे पाहणे त्याच्याकडे असते. फॉर्ममध्ये काय काय? स्वतःची नोकरी, धंदा, व्यवसाय. निवडणुकीच्या किंवा नगरसेवक म्हणून केलेल्या खर्चाला कुणी पैसे दिले असतील तर ते. कौन्सिलशी असलेली कंत्राटे. कौन्सिलच्या हद्दीतली जमीन आणि घरे. महिनाभर किंवा जास्त काळ वापरण्याचा परवाना असलेली जागा. आपला संबंध असलेल्या कंपनीने कौन्सिलकडून भाड्याने घेतलेली जागा. हद्दीत कामकाज असलेल्या कंपनीचे शेअर, जर त्यांची दर्शनी किंमत २५,००० पौंडांपेक्षा किंवा एकूण भागभांडवलाच्या एक शतांशापेक्षा जास्त असेल तर. आणि हे सगळे नवऱ्याचे किंवा बायकोचेही, लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचेही.

ही माहिती कौन्सिलच्या संकेतस्थळावर जाते. त्या गावचा कुणीही माणूस घरबसल्या पाहू शकतो की आपल्या वॉर्डाच्या सदस्याच्या नावावर हद्दीत किती जागा आहेत. सभेत अशा नोंदीशी जुळणारा विषय आला की त्या सदस्याला बोलता येत नाही आणि मतही देता येत नाही. अनेक कौन्सिलींच्या नियमाप्रमाणे त्याला सभागृहही सोडावे लागते. वाजवी कारणाशिवाय नोंद लपवली किंवा मत दिले तर तो फौजदारी गुन्हा आहे. दंड होतो आणि पाच वर्षांपर्यंत नगरसेवक होण्यास बंदी येऊ शकते. पण असे खटले फार विरळा. २०१५ मध्ये बोर्नमथच्या न्यायालयात डॉर्सेटमधल्या एका नगरसेवकावर झालेला खटला या कायद्याखालचा गाजलेला खटला. गृहनिर्माण संस्थेवरचे आपले संचालकपद न सांगता त्याने विकास आराखड्याच्या विषयात भाग घेतला होता. तो दोषी ठरला, पण दंडही झाला नाही: सहा महिने पुन्हा गुन्हा न करण्याच्या अटीवर सुटका आणि ९३० पौंड खर्च.

यादीत काय नाही, हेही पाहायला हवे. भाऊ नाही, मोठी झालेली मुले नाहीत, आईवडील नाहीत. कायद्याची मर्यादा जोडीदारापाशी थांबते. त्यापुढचे आप्त आणि जवळचे स्नेही कौन्सिलच्या स्वतःच्या आचारसंहितेत येतात, आणि त्या संहितेचा भंग हा गुन्हा नसतो.

आता भेटवस्तू आणि पाहुणचार. वाचकाला नवल वाटेल, पण २०११ च्या या कायद्यात भेटवस्तूंबद्दल एक शब्दही नाही. त्याआधीच्या दशकात होता. तेव्हाच्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे २५ पौंडांची किंवा त्याहून महाग भेट वा पाहुणचार २८ दिवसांत नोंदवावा लागे. २०१२ मध्ये ती राष्ट्रीय संहिता आणि तिच्यावर देखरेख करणारे स्टँडर्ड्स बोर्ड दोन्ही रद्द झाले, आणि भेटवस्तूंचे काय करायचे हे प्रत्येक कौन्सिलवर सोडले गेले. परिणाम जो व्हायचा तो झाला. कुठे मर्यादा २५ पौंड, कुठे ५०, कुठे १००. नोलन यांच्या समितीचे काम पुढेही चालू राहिले. तिने २०१९ च्या अहवालात सुचवले की ५० पौंडांची एक भेट, किंवा एकाच माणसाकडून वर्षभरात १०० पौंडांच्या भेटी, एवढे सगळीकडे नोंदवले जावे. ५० पौंड म्हणजे आपले पाच-सहा हजार रुपये. २०२० च्या अखेरीस तिथल्या स्थानिक संस्थांच्या संघटनेने नमुना आचारसंहिता काढली, तीत ५० पौंडांचीच मर्यादा आहे. तीत आणखी एक कलम आहे, आणि ते मला फार शहाणपणाचे वाटते. नाकारलेली मोठी भेटही नोंदवायची. कारण कुणी काय देऊ केले होते, यावरून देणाऱ्याची चाल कळते. तीन सदस्यांनी नाकारलेली भेट चौथ्याने घेतली असेल, तर त्या तीन नोंदी चौथ्याबद्दलही सांगतात.

वर्षभराच्या बेरजेची सूचना का हवी, तेही समजून घेऊ. लाच एका पाकिटात येते, पण ओशाळेपणा हप्त्याहप्त्याने येतो. एक जेवण, एक नाटकाचे तिकीट, एक सामना, एक प्रदर्शनाची सफर. यातले एकही मत विकत घेण्याइतके मोठे नसते. पण सहा महिन्यांनी त्याच यजमानाची फाईल समोर आली की मनात एक संकोच उभा राहतो, आणि त्या संकोचाला पावती नसते. आपल्याकडे दिवाळीची मिठाई, वाढदिवसाचे फलक, शाल-श्रीफळ यांतून जे घडते ते याहून वेगळे नाही. एकेका भेटीकडे सुटे पाहिले की काहीच दिसत नाही. क्रमाने लिहिलेली यादी वाचली की दिसते.

वेस्टमिन्स्टरमध्ये नेमके हेच झाले. लंडनच्या मध्यभागातली ही कौन्सिल. तिच्या हद्दीतली जमीन जगातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी. तिथले उपनेते रॉबर्ट डेव्हिस यांनी बांधकाम परवानगीच्या समितीचे अध्यक्षपद बरीच वर्षे सांभाळले होते. २०१८ च्या फेब्रुवारीत ‘द गार्डियन’ने बातमी दिली की तीन वर्षांत त्यांनी ५०० हून अधिक वेळा भेटी आणि पाहुणचार स्वीकारला होता. यजमानांत बांधकाम विकासक पुष्कळ होते. जेवणे होती, नाटके होती, परदेशच्या सफरी होत्या. सहा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा आकडा ८०० च्या वर गेला. चौकशी झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डेव्हिस यांनी पद सोडले. आपण घेतलेला एकही निर्णय बेकायदा नव्हता आणि सगळे आपण स्वतःच जाहीर केले होते, असे त्यांचे म्हणणे होते.

जाहीर केले होते, हे खरेच आहे. पत्रकारांनी कुठलेही गुप्त कागद फोडले नाहीत. त्या शेकडो नोंदी डेव्हिस यांनीच भरल्या होत्या, कौन्सिलने त्या प्रसिद्ध केल्या होत्या, आणि त्या वर्षानुवर्षे सर्वांसमोर पडून होत्या. कुणीतरी त्या ओळीने वाचल्या, मोजल्या, यजमानांची नावे बांधकाम अर्जांशेजारी ठेवली, तेव्हा त्यांना अर्थ आला. त्यानंतर वेस्टमिन्स्टरला परवानगीच्या कारभाराची पद्धत बदलावी लागली. या सगळ्या विषयात मला सांगायचे आहे ते हेच: जाहीर केल्याने माणूस निर्दोष ठरत नाही, आणि नोंदवहीने भ्रष्टाचार आपोआप थांबत नाही. नोंदवही लोकांच्या हाती पुरावा देते. तो पुरावा वाचणारा हवा. पोल्सनच्या काळात वाचायलाच काही नव्हते. वेस्टमिन्स्टरमध्ये होते, आणि वाचणारा मिळाला.

इंग्लंडच्या व्यवस्थेत आजही एक मोठी कमतरता आहे. २०१२ नंतर कौन्सिलला आपल्या सदस्याला निलंबित करता येईनासे झाले. संहिता मोडली तर निषेधाचा ठराव, समितीवरून काढण्याची पक्षाला शिफारस, फार तर प्रशिक्षण, भत्ता चालूच. २०१९ च्या अहवालाने सहा महिन्यांपर्यंत बिनभत्त्याच्या निलंबनाची मागणी केली होती. स्कॉटलंडने वेगळी वाट धरली आहे. तिथे २००० च्या कायद्याने नेमलेला स्वतंत्र आयोग नगरसेवकाला निलंबित करू शकतो, अपात्रही ठरवू शकतो. भेटींबाबत तिथली संहिता मुळातच नकाराच्या बाजूने आहे: किरकोळ, क्वचित मिळणाऱ्या भेटी आणि कामाशी जोडलेला पाहुणचार वगळता घ्यायचेच नाही. मला स्कॉटलंडची वाट अधिक पटते.

एका बाबतीत मात्र सगळे उघडे करणे योग्य नाही. २०१६ मध्ये खासदार जो कॉक्स यांची त्यांच्याच मतदारसंघात हत्या झाली. त्यानंतर लोकप्रतिनिधींच्या घरच्या पत्त्यांचा प्रश्न गंभीर झाला, कारण जमिनीच्या नोंदीत राहते घरही येते. कायद्यात सोय आहे: हिंसेची किंवा धमकीची भीती असेल तर नोंद कौन्सिलकडे राहते, तपशील प्रसिद्ध होत नाही. घर आहे हे लोकांना कळावे. दाराचा क्रमांक कळायची गरज नाही.

आता आपल्याकडे वळू. १८३५ च्या त्या इंग्रजी कायद्यातली बंदी वसाहतीच्या वाटेने मुंबईत आली. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा, इतर महापालिकांसाठीचा १९४९ चा, ग्रामपंचायतींचा १९५८ चा आणि नगरपरिषदांचा १९६५ चा, या सर्वांत अपात्रतेचे ते कलम आहे: स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, संस्थेच्या कामात वा कंत्राटात हिस्सा किंवा हितसंबंध असता कामा नये. शब्दही जवळजवळ तेच. ग्रामपंचायतीच्या कलम १४ खाली असे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे सतत येतात. सदस्याच्या नातेवाइकाने पंचायतीचे काम घेतले, सदस्याने स्वतःच साहित्य पुरवले, अशा तक्रारी त्यांत असतात.

हिस्सा म्हणजे नेमका किती जवळचा, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले. १९६६ मध्ये विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या प्रकरणात प्रश्न असा होता की उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत आहे, मग बाप अपात्र का? न्यायालयाने सांगितले, नुसते रक्ताचे नाते पुरेसे नाही, पैशाचा संबंध दाखवा. २०१२ मध्ये गोव्यातले प्रकरण आले. पंचायत सदस्येच्या पतीकडे पंचायतीचे कंत्राट होते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून पतीच्या कंत्राटात पत्नीचा वाटा आपोआप आला आणि ती अपात्र ठरली. गोव्यात हे त्या नागरी कायद्यामुळे झाले. महाराष्ट्रात तसा कायदा नाही, त्यामुळे पतीचे कंत्राट म्हणजे पत्नीचा हितसंबंध, हे तक्रारदाराला पुराव्यानिशी दाखवावे लागते. इंग्लंडने जोडीदाराला थेट यादीत घेऊन हा वाद संपवला.

बंदीच्या पलीकडे आपल्याकडे काय आहे? निवडणुकीला उभे राहताना उमेदवार मालमत्ता, कर्जे आणि फौजदारी खटले यांचे शपथपत्र देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हा मतदाराचा हक्क ठरला, आणि तो स्थानिक निवडणुकांतही आला. ही मोठी मिळकत आहे. पण शपथपत्र अर्ज भरण्याच्या दिवशीचे असते. पुढच्या पाच वर्षांत नगरसेवकाने काय घेतले, कुणाबरोबर भागीदारी केली, कोणत्या विकासकाच्या खर्चाने कुठे जाऊन आला, हे सांगणारी इंग्लंडसारखी चालू नोंदवही आपल्या स्थानिक कायद्यांत नाही. राज्यसभेने आपल्या सदस्यांसाठी हितसंबंधांची नोंदवही ठेवली आहे. दिल्लीत जे चालते ते गल्लीत चालू नये असे काही नाही. उलट गल्लीत त्याची गरज जास्त आहे. विकास आराखड्यातले आरक्षण उठवणे, टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, रस्त्याची रेषा सरकवणे, टँकरचे आणि कचऱ्याचे ठेके हे सगळे महापालिकेतच ठरते.

त्यासाठी नवीन कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. इंग्लंडमध्येही २०१२ पासून भेटवस्तूंची नोंद चालते ती कौन्सिलींच्या स्वतःच्या ठरावावर. आपल्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला, नगरपरिषदेला, ग्रामसभेला तसा ठराव मांडता येईल: प्रत्येक सदस्याने आपली आणि कुटुंबाची हद्दीतली जमीन, भागीदाऱ्या, आणि पाच हजार रुपयांवरची प्रत्येक भेट व पाहुणचार महिन्याच्या आत लिहून द्यावा, आणि ती यादी संकेतस्थळावर किंवा कार्यालयाच्या फलकावर लागावी. दर सभेच्या सुरुवातीला अध्यक्षांनी एकदा विचारावे, आजच्या विषयांत कुणाचा संबंध आहे का, आणि उत्तर इतिवृत्तात लिहिले जावे. याला पैसे लागत नाहीत.

तोवर जे हाती आहे ते तरी वाचा. तुमच्या नगरसेवकाचे शपथपत्र सार्वजनिक आहे. स्थायी समितीची इतिवृत्ते आणि मंजूर कंत्राटांच्या याद्या माहिती अधिकारात मागता येतात. दोन्ही कागद शेजारी ठेवा, नावे जुळवून पाहा. आणि पुढच्या वेळी मत मागायला उमेदवार दाराशी आला, की त्याला एवढेच विचारा: निवडून आल्यावर तुम्हाला मिळालेल्या भेटींची यादी दर महिन्याला वॉर्डात लावाल का?